ओढणीआडचा पंप

आमच्या घरात रात्री दोनचा गजर सतरा वर्षं वाजत होता. घड्याळ अम्मीच्या उशाखाली असायचं, म्हणजे अब्बांची झोप मोडू नये. गजर झाला की अम्मी माझ्या अंथरुणाशी यायची आणि अंधारातच माझं कपाळ चाचपायची. कपाळ कोरडं असलं तर दोन मिनिटं बसून परत जायची. घामेजलेलं असलं तर दिवा लावून बोटाला सुई टोचायची, शुगर बघायची आणि साखरेचं पाणी पाजायची. सकाळी मला यातलं काहीच आठवायचं नाही. तिला मात्र पुन्हा झोप लागायची नाही.

मी दहा वर्षांची असताना मला पहिल्या प्रकारचा, म्हणजे टाइप १ मधुमेह झाला. आता मी तीस वर्षांची आहे. गेली तीन वर्षं माझ्या कमरेला एक छोटं यंत्र आहे. ते दिवसरात्र माझी शुगर बघून इन्सुलिन सोडतं. या यंत्राने काय दिलं आणि काय दिलं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण ही जाहिरात नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे, अशा मायबहिणींनी तो वाचावा एवढीच इच्छा आहे.

नजर नव्हे, आजार

पाचवीत असताना मला सारखी तहान लागू लागली. घागर जवळ घेऊन बसावं असं वाटायचं. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. खाणं वाढलं होतं, पण अंगावरचे कपडे ढिले पडत होते. शेजारच्या बायका म्हणाल्या, नजर लागली. दम झाला, तावीज झाला. शेवटी श्वास जोरजोरात चालू लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास येऊ लागला, तेव्हा अब्बांनी खेडहून गाडी केली आणि मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं.

पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. आईबापांच्या चुकीनेही होत नाही. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट होतात. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. गोळी, काढा, कारल्याचा रस, यांतलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत. म्हणजे माझ्या दादीच्या आईच्या काळात मी जन्मले असते, तर पाचवीच्या पुढे गेले नसते.

दादीने एक रास्त प्रश्न विचारला होता : "हे औषध डुकराचं तर नाही ना?" पूर्वी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, ही गोष्ट खरी आहे. १९८२ पासून मात्र सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि आज आपल्याकडे सर्रास तेच किंवा त्याचे सुधारित प्रकार मिळतात. डॉक्टरांनी हे समजावल्यावर दादीने स्वतः बिस्मिल्ला म्हणून माझा दंड धरला आणि सुई टोचून घेतली.

लपवण्याची सवय

आजाराशी जमवून घेणं घरच्यांना जमलं. लोकांना सांगणं जमलं नाही. "मुलीची जात आहे, बाहेर कळू देऊ नका," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला पाठ झालं. शाळेत बाईंना माहीत होतं, मैत्रिणींना नाही. नातेवाइकांकडे गेलं की मी न्हाणीघरात कडी लावून इन्सुलिन घ्यायची. दिवसाला चार सुया, आणि चारही चोरून.

एका लग्नात जेवणाची पंगत बसणार म्हणून मी आत जाऊन सुई घेतली. बाहेर आले तर वराकडची मंडळी यायची होती. पंगत तासभर लांबली. इन्सुलिन शरीरात गेलेलं होतं आणि पोटात काहीच नव्हतं. कोणाकडे साखर मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले आणि बसल्या जागी कोसळले. बायकांनी कांदा हुंगवला. अम्मी धावत आली आणि तिने सगळ्यांसमोर माझ्या तोंडात साखर कोंबली. घरी येताना तिने कोणाला काय सांगायचं ते ठरवलं : उन्हाने चक्कर आली.

सुई कोणी बघू नये म्हणून त्या दिवशी मी जीव धोक्यात घातला होता. तेव्हा ते कोणालाच, मलाही, वेडेपणाचं वाटलं नाही.

यंत्र काय करतं

यंत्राचे तीन भाग असतात. दंडाला चिकटवलेला एक सेन्सर दर पाच मिनिटांनी शुगर मोजतो, म्हणजे दिवसाला २८८ वेळा. तो रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली शुगर बघतो. त्यामुळे त्याचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. दुसरा भाग पंप. त्यात इन्सुलिन भरलेलं असतं आणि एका बारीक नळीतून ते पोटाच्या कातडीखाली थेंबाथेंबाने जातं. तिसरा भाग दिसत नाही. तो म्हणजे पंपातलं गणित. शुगर चढू लागली की ते इन्सुलिन वाढवतं, उतरू लागली की कमी करतं किंवा बंद करतं.

जेवणाचं मात्र आपल्याला सांगावं लागतं. किती भाकऱ्या, किती भात, म्हणजे किती ग्रॅम कर्बोदकं, हा आकडा जेवणाआधी पंपात घालावा लागतो. म्हणून या यंत्राला पूर्ण स्वयंचलित म्हणत नाहीत. निम्मं काम त्याचं, निम्मं आपलं.

हे यंत्र केवळ मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या बापाने आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवरून कामाच्या ठिकाणी बघता यावेत म्हणून स्वतःच जोडणी केली. डॅना लुइस या तरुणीला स्वतःला टाइप १ होता. तिची झोप गाढ होती आणि रात्री सेन्सरचा गजर ऐकू येणार नाही, ही तिला भीती होती. तिने आणि स्कॉट लीब्रँड यांनी आधी मोठा गजर बनवला, मग सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था केली आणि २०१५ मध्ये ती सगळ्यांना फुकट खुली केली. कंपनीने बनवलेल्या अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली ती २०१६ च्या सप्टेंबरात. हे वाचलं तेव्हा मला अम्मीच्या उशाखालचं घड्याळ आठवलं. या यंत्रामागे कोणाची तरी रात्रीची भीती होती, आणि ती आमच्या घरातलीच भीती होती.

पहिली रात्र, आणि एक वाईट रात्र

पंप लावला त्या रात्री अम्मी दोनला उठलीच. माझं कपाळ चाचपलं, मग पंपाचा छोटा पडदा बघितला. आकडा ११८ होता. ती म्हणाली, "हे खरं सांगतंय का?" आणि बोटाला सुई टोचून खात्री केली. मीटरने १२३ दाखवलं. पंधरा दिवस ती रोज असं करत होती. सोळाव्या दिवशी तिला जाग आली नाही. सकाळी ती घाबरून माझ्या खोलीत आली, जणू तिच्याकडून गुन्हा घडला होता.

पण सगळं गोडच सांगितलं तर मी खोटी ठरेन. तिसऱ्या महिन्यात एका रात्री पोटातली नळी आत वाकली. यंत्राला वाटत होतं की इन्सुलिन जातंय, आणि आत काहीच जात नव्हतं. पहाटे उलटी झाली, शुगर ३८० होती. पंपात फक्त जलद असर करणारं इन्सुलिन असतं. शरीरात दुसरा साठा नसतो. त्यामुळे नळी बंद पडली तर काही तासांतच रक्तात आम्ल वाढू लागतं. मी पेनने इन्सुलिन घेतलं, नळी बदलली, कीटोनची पट्टी तपासली आणि डॉक्टरांना फोन लावला. तेव्हापासून पर्समध्ये पेन, सुया आणि पट्ट्या कायम असतात. ज्यांना पंप घ्यायचा आहे त्यांनी ही गोष्ट आधी शिकून घ्यावी. पंप आला म्हणून पेन फेकायचं नसतं.

यंत्राशी खोटं बोलता येत नाही

पंप घेतल्यानंतरच्या पहिल्या ईदला मी यंत्राला फसवायचा प्रयत्न केला. शीरखुर्म्याची एक वाटी खाल्ली, तिचा आकडा घातला. मग फूफीकडे दुसरी वाटी, मामूकडे तिसरी. त्या दोन्ही मी यंत्राला सांगितल्या नाहीत. खरं तर मी स्वतःलाच सांगितल्या नव्हत्या. दुपारपर्यंत शुगर तीनशेच्या वर गेली. यंत्र आपल्या परीने इन्सुलिन सोडत राहिलं, पण मागून धावणाऱ्याला पुढच्याला गाठायला वेळ लागतोच.

डॉक्टर मॅडमनी महिन्याचा आलेख बघितला आणि रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन वाट्या खा, पण तीन सांग. न सांगितलेल्या दोन वाट्याच त्रास देतात." त्या दिवसापासून मी सगळं सांगू लागले. डॉक्टर शुगर ७० ते १८० च्या मध्ये असण्याचा वेळ मोजतात आणि तो दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त असावा असं म्हणतात. माझा पूर्वी जेमतेम निम्मा असायचा. आता बहुतेक महिन्यांत तो ७५ च्या आसपास असतो.

रमजान

आता आपल्या वाचकांना सगळ्यात जवळच्या प्रश्नाकडे येते. पंप लावल्यावर रोजा ठेवता येतो का?

आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, ती सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट आहे. तरीही आपण ती घेत नाही. २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची एक मोठी पाहणी झाली. टाइप १ असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते, आणि त्यांच्यात शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये जवळजवळ पाचपट झालं होतं. अनेकांनी डॉक्टरांना विचारलेलं नसतं, कारण ते नाही म्हणतील अशी भीती असते. म्हणजे इथेही लपवणंच.

मी दोन महिने आधी विचारलं. मॅडमनी माझे आलेख बघितले, मूत्रपिंड आणि डोळे तपासले आणि आधी चार रोजे ठेवून बघायला सांगितलं. सहरी शक्य तितकी उशिरा, त्यात डाळ, अंडं, भाकरी. दुपारनंतर यंत्राचं लक्ष्य वाढवून १५० वर ठेवायचं. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण, आणि तळलेलं कमी. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर घड्याळाकडे न बघता रोजा सोडायचा. ही परवानगी माझ्यापुरती होती. दुसऱ्या कोणाला ती मिळेल असं नाही, आणि हा लेख वाचून कोणी स्वतःच ठरवू नये. शुगर तपासल्याने किंवा इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असं बहुसंख्य उलेमांचं मत आहे. वजूला काही अडचण येत नाही, कारण सेन्सर कोपराच्या वर असतो. गुस्लबद्दल आमच्या मौलानांना विचारलं. त्यांनी त्याला जखमेवरच्या पट्टीचा नियम लावला.

चार रोजे नीट गेले. मग आणखी ठेवले. बारावा रोजा होता. तेव्हा मी नोकरीसाठी पनवेलला खालाकडे राहत होते. स्वयंपाकघरात भजी तळत असताना पंप थरथरला. आकडा ६६, आणि बाण खाली. मगरिबला चाळीस मिनिटं होती.

मी ओढणी पंपावर ओढली. खाला शेजारीच फळं कापत होती, तिला काही बोलले नाही. मनात म्हटलं, चाळीसच मिनिटं आहेत, पंपाने इन्सुलिन बंद केलंच असेल. ते खरं होतं. त्याने इन्सुलिन केव्हाच बंद केलं होतं. पण पंप इन्सुलिन थांबवू शकतो, शरीरात साखर घालू शकत नाही. ते काम हाताचं आहे, आणि माझा हात झारा धरून तसाच उभा होता.

फोन वाजला. माझे आकडे अम्मीच्या फोनवर खेडला दिसतात. तिने सलाम केला नाही, हालहवाल विचारली नाही. म्हणाली, "आधी खजूर तोंडात टाक. मग बोल."

मी खजूर खाल्ला, सरबत प्यायले आणि रडले. खालाने गॅस बंद केला आणि मला खाली बसवलं. वीस मिनिटांनी आकडा ९२ झाला. अम्मी तोवर फोनवरच होती. ती म्हणाली, "ज्याने रोजा ठेवायला सांगितलं, त्यानेच आजाऱ्याला सोडायला सांगितलं. एक हुकूम मानतेस आणि दुसऱ्याची लाज वाटते, हे कसं?"

तो रोजा मी नंतर कजा केला. त्या वर्षी बाकीच्या रोज्यांसाठी मॅडमच्या आणि मौलानांच्या सल्ल्याने वागले. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट कळली. यंत्राने मला वेळेवर सांगितलं होतं. ओढणी मी ओढली होती.

रिश्ता

पंप लपवणं सोपं नाही. ओढणीखाली तो फुगीर दिसतो आणि मध्येच आवाज करतो. माझ्यासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा नातेवाइकांनी सुचवलं, बघायला येतील त्या दिवसापुरता काढून ठेव. अब्बाही गप्प होते. या वेळी अम्मी म्हणाली, "नाही. सतरा वर्षं मी उठलेय. जे घर हिला नेईल, त्याला ठाऊक असलं पाहिजे."

दोन घरांनी ऐकल्यावर निरोप पाठवला नाही. त्याचं दुःख झालं, नाही असं म्हणणार नाही. तिसऱ्या घरी, महाडला, मुलाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मुलांना होईल का, असं विचारलं. आम्ही डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं : आईला हा आजार असला की मुलाला होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. गरोदरपणात फार जपावं लागतं, पण या आजारातही बायका निरोगी मुलांना जन्म देतात. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : "रात्री हिच्याजवळ कोणी उठावं लागतं का?"

अम्मी म्हणाली, "आता नाही. पण गजर झाला आणि ही उठली नाही, तर उठावं लागेल."

"मग उठू," त्या म्हणाल्या.

खर्चाचं खरं

हे सगळं वाचून वाटेल की यंत्र घेतलं की झालं. पण पंपाची किंमत लाखांत आहे, आणि सेन्सर, नळ्या, इन्सुलिन यांचा खर्च दर महिन्याला हजारांत येतो. आमच्या घरी भावाने दोहाहून पैसे पाठवले आणि माझा निम्मा पगार त्यात जातो. प्रत्येकाकडे दोहाला भाऊ नसतो. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये टाइप १ असलेल्या पात्र रुग्णांसाठी अशा यंत्राची शिफारस झाली आणि एप्रिल २०२४ पासून सरकारी आरोग्यसेवेतून ती टप्प्याटप्प्याने देणं सुरू झालं. आपल्याच देशात केरळ सरकार 'मिठ्ठायी' नावाची योजना चालवतं. तिच्यातून टाइप १ असलेल्या मुलांना इन्सुलिन आणि साधनं मिळतात. महाराष्ट्रातल्या आईबापांनीही असं मागायला हवं. पण जी मुलं लपवून ठेवली आहेत, त्यांच्यासाठी कोण मागणार?

आणि यंत्र परवडत नसेल तर मन लहान करू नये. पेन, मीटर, वेळेवर जेवण आणि जाणता डॉक्टर यांच्या आधारावर लाखो लोक नीट जगतात. मीही सतरा वर्षं तशीच जगले. घरात टाइप १ असलेलं मूल असेल तर तीन कामं आजच करा. शाळेत शिक्षकांना सांगा. त्याच्या दप्तरात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि ते केव्हा द्यायचं, हे त्याच्या दोन मित्रांना शिकवा. आणि पुढच्या लग्नात त्याला न्हाणीघरात पाठवू नका, पंगतीत बसूनच सुई घेऊ द्या. याला पैसे लागत नाहीत.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या घरच्यांनी उंट बांधला होता, पण शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून अंधारात. यंत्राने दोरी जरा मजबूत केली. उजेडात यायला मात्र आम्हा सगळ्यांना आपल्या पायांनी चालावं लागलं.

महाडला आता माझा पंप ओढणीच्या वर असतो. सासूबाई पाहुण्यांना स्वतः सांगतात, हे काय आहे ते. खेडला अम्मीच्या उशाखालचं जुनं घड्याळ अजून आहे. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा रात्री दोनला तो ओळखीचा गजर ऐकून जाग आली. वाटलं, अम्मी येईल. ती आली नाही. बाहेरच्या खोलीत बघितलं, तर ती मुसल्ल्यावर उभी होती. तहज्जुद पढत होती.